बोलविता धनी आणि यंत्राची खूण

कीर्तन आटोपल्यावर मंडळी शंका विचारावयास येतात, त्या शंका पूर्वी बहुधा ठरलेल्या असत. एकादशी अमुक दिवशी धरावी की तमुक, माळ तुटली तर काय करावे, वारी चुकली तर दोष लागतो काय. अलीकडे कचेरीत नोकरी करणारी माळकरी मुले निराळेच काही विचारू लागली आहेत. त्यांतला एक प्रश्न मला असा वाटला, की त्याची दोन शब्दांत बोळवण करणे बरे नव्हे.

नेवासे तालुक्यातील एका सप्ताहात असा एक मुलगा भेटला. एका सहकारी संस्थेच्या कचेरीत तो कॉम्प्युटरवर काम करतो. संस्थेच्या वार्षिक सभेसाठी ठिबक सिंचनाच्या कर्जयोजनेची चित्रफीत करावयाची होती. पूर्वी त्यासाठी कॅमेरावाला आणावा लागला असता आणि कोणाच्या तरी मळ्यात दिवसभर उभे राहावे लागले असते. आता तो खटाटोप उरला नाही. कॉम्प्युटरला चार ओळी लिहून दिल्या, की कृत्रिम बुद्धिमत्ता, जिला लहानथोर सारेच आता एआय म्हणतात, ती चित्रही देते आणि निवेदकाचा भारदस्त आवाजही देते. पडद्यावर पुरुषभर उंचीचा हिरवागार ऊस आला, बांधावर समाधानी चेहऱ्याचे नवरा-बायको आले. तो ऊस कोणत्याही शिवारात उगवलेला नव्हता, आणि ते जोडपे कोणाच्याच घरचे नव्हते. चित्रफितीच्या कोपऱ्यात मात्र, हे एआयच्या साहाय्याने केले आहे, अशी खूण उमटली होती. साहेब म्हणाले, "ती खूण काढून टाक. सभासदांपुढे बरे दिसत नाही." मुलगा मला म्हणाला, "महाराज, योजना खरी आहे, व्याजाचा दर खरा आहे. नुसती खूण काढली तर त्यात खोटं काय झालं? आणि कुणी विचारलंच, तर मी खरं सांगेनच की!"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे. कोणी विचारले नाही म्हणून न सांगणे हे असत्य होते काय, असा तो प्रश्न आहे. मला वाटते, येथे "विचारलं तर" या दोन शब्दांतच सारी मेख आहे. सभासद विचारणार नाही, कारण विचारण्यासारखे काही आहे हेच त्याला ठाऊक नाही. डोळ्यांनी ऊस पाहिल्यावर "हा ऊस आहे का हो?" असे कोण विचारील? ज्याने विचारण्याचे कारणच पुसून टाकले, त्याने विचारल्यास सांगेन म्हणणे म्हणजे विहिरीचा दोर कापून ठेवून, पाणी कोणीही भरावे, अशी पाटी लावण्यासारखे आहे. आणि ज्या सभासदाने तो ऊस पाहून कर्जाच्या अर्जावर अंगठा अथवा सही केली, त्याचे हप्ते तर खरेच असणार आहेत ना?

आता ही खूण म्हणजे काय, ते थोडे पाहू. कागदावरचे जलचिन्ह सर्वांच्या परिचयाचे आहे. शंभराची नोट उजेडापुढे धरली, की गांधीजींची छाया दिसते, तेच ते. इटलीत फाब्रियानो नावाच्या गावी कागद करणाऱ्यांनी १२८२ च्या सुमारास ही युक्ती काढली. लगदा गाळण्याच्या जाळीवर तारेची एखादी आकृती बसवायची. तेथे कागद पातळ होतो आणि उजेडात आकृती उमटते. नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्या आठेक वर्षे आधीची ही गोष्ट. कागद कोणाच्या कारखान्यातला, एवढेच ती खूण सांगे. त्यावर लिहिलेला मजकूर खरा की खोटा, याविषयी ती बोलत नसे. हा भेद मनात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल.

कॉम्प्युटरमधल्या खुणांच्याही जाती आहेत. एक डोळ्याला दिसणारी अथवा कानाला ऐकू येणारी. मायक्रोसॉफ्टच्या कचेरीतल्या प्रणालीत, एआयने केलेल्या किंवा बदललेल्या चित्रफितीवर व ध्वनिफितीवर अशी खूण घालण्याची सोय आहे. ती चालू ठेवायची की बंद, हे संस्थेच्या व्यवस्थापकाच्या हाती. दुसरी जात म्हणजे फाइलीबरोबर जोडलेली जन्मपत्रिका. कोणत्या साधनाने, केव्हा केले, मागाहून काय फिरविले, हे तीत नोंदलेले असते. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी इत्यादींनी २०२१ साली एकत्र येऊन तिचा सामाईक नमुना ठरविण्याचे काम हाती घेतले. पण ही जन्मपत्रिका कागदाला टाचणीने लावलेल्या चिठ्ठीसारखी आहे. पडद्याचाच फोटो काढला, की चित्र येते आणि चिठ्ठी मागे राहते. म्हणून तिसरी जात निघाली, ती अंगात मुरलेली. गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये सिंथआयडी नावाने आणलेली खूण या जातीची. चित्राच्या रंगबिंदूंत डोळ्याला न कळणारे बारीक फेर करून ठेवायचे. ओळखणारे यंत्रच ते ओळखते. दुधात साखर विरघळावी तशी ती असते. अडचण एवढीच, की ती चाखणारी जीभ तुमच्या-आमच्याजवळ नाही.

सरकारेही जागी झाली आहेत. चीनने १ सप्टेंबर २०२५ पासून अशा खुणा सक्तीच्या केल्या. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमांचा मसुदा निघाला. चित्राचा दहावा हिस्सा खुणेने व्यापावा, असे त्यात होते. फेब्रुवारी २०२६ मध्ये पक्के नियम आले, त्यांत ते माप गळाले. पण खूण ठळक हवी आणि लावलेली खूण काढण्याची सोय माध्यमांनी देऊ नये, हे राहिले. मोठ्या समाजमाध्यमांनी चित्र चढविणाऱ्याकडून, हे कृत्रिम आहे की नाही, ते वदवून घ्यावे, असेही आहे. हे नियम मुख्यतः माध्यम चालविणाऱ्यांना बांधणारे आहेत. गावच्या सभागृहात पडदा लावून दाखविलेल्या चित्रफितीपाशी त्यांचा हात सहसा पोहोचायचा नाही. तेथे उरतो तो करणाऱ्याचा विवेक.

या बाबतीत आपण नगर जिल्ह्यातले लोक फार भाग्यवान आहोत. (आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण आम्हां जुन्यांच्या तोंडी नगर बसलेले आहे.) ग्रंथावर खूण कशी करावी याचा उत्तम धडा आपल्या नेवाशातच आहे. पैसाच्या खांबाला आपण मस्तक टेकवितो, पण ज्ञानेश्वरीचा शेवट वाचताना एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. तेथे ग्रंथाची संपूर्ण जन्मपत्रिका आहे. गोदावरीच्या दक्षिणेचे क्षेत्र सांगितले, यादववंशी रामचंद्र राजाचे राज्य सांगितले, आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा सांगितली. शके १२१२ हे वर्ष दिले, म्हणजे इसवी सन १२९०. टीका ज्ञानेश्वरांनी केली आणि लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी, हेही स्वच्छ आहे. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि दोघांची नावे निरनिराळी. लिहिणाऱ्याचे नाव आल्याने ज्ञानेश्वरी कोणाला कमी वाटली काय?

पुढे सुमारे तीनशे वर्षांनी काय झाले, ते तर अधिकच बोधप्रद आहे. नकलांवर नकला होत गेल्या, कोणी शब्द फिरविला, कोणी आपली ओवी घुसविली. नाथांनी जुन्या प्रती मिळवून ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथ केवढे कवी! मनात आणते तर ठिकठिकाणी आपल्या ओव्या अशा बेमालूम बसवू शकले असते, की आजवर कोणाला पत्ता लागला नसता. त्यांनी तसे केले नाही. उलट शेवटी स्वतःचे नाव आणि शक घालून, आपण येथे फक्त शुद्धीकरण केले आहे, हे नोंदविले. आणि जो यापुढे यात आपली मराठी ओवी मिसळील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, अशा आशयाची तंबी दिली. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. करवंटी वाईट वस्तू नव्हे, घरात तिचे उपयोग आहेत. ताटात तिचे काम नाही. एआयच्या खुणांतही, हे यंत्राने केले आणि हे यंत्राने फिरविले, असा फरक सांगावा लागतो. तो फरक आपल्या नाथांनी कोणत्याही प्रणालीवाचून पाळला होता.

असो. येथे कोणी चतुर श्रोता म्हणेल, महाराज, खुणेचे एवढे कौतुक कशाला? खूण खोटी घालता येत नाही काय? येते बरे, फार सहज येते. आपल्याच घरची उदाहरणे पाहा. सालोमालो नावाच्या कोणी तुकोबांचे अभंग घेऊन त्यांतली मुद्रा पुसली आणि आपली घातली, अशी संप्रदायात कथा आहे. त्याचा समाचार घेणारे तुकोबांचे अभंग गाथेत आहेत. साहेबांनी सांगितले ते हेच, खूण पुसणे. याच्या उलट, ज्यांना आपली रचना लोकांनी डोक्यावर घ्यावी असे वाटले, त्यांनी तिला तुकोबांचे नाव जोडले. कोणते अभंग अस्सल, यावर गाथेच्या संपादकांचा वाद अजून मिटलेला नाही. नामदेवांच्या गाथेत तर विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळून गेले. येथे कोणाची लबाडीही नव्हती. दोघांची मुद्रा नामा, एवढ्याने घोटाळा झाला. तेव्हा मुद्रा असली म्हणजे वस्तू अस्सल, असे समजणारा फसतो. मुद्रेचे काम वेगळे आहे. शंका आली तर कोणाचे दार ठोठावावे, ते ती सांगते. दार ठोठावण्याचे कष्ट वाचणाऱ्यालाच घ्यावे लागतात, जसे नाथांनी प्रतींवर प्रती ताडून घेतले.

यापुढची शंका मात्र सूक्ष्म आहे, आणि ती आपल्या परंपरेच्या आधाराने घेतली जाते म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. एका शिकलेल्या गृहस्थांनी मला म्हटले, "तुकोबा स्वतःच म्हणतात ना, की बोलविता धनी वेगळा आहे? मग शब्द आपले नव्हेतच. यंत्राने बोलविले काय, देवाने बोलविले काय, खूण कशाला हवी?" बोलणे ऐकायला गोड, पण उलटे. तुकोबांनी बोलविणारा वेगळा म्हटले ते खरे, परंतु अभंगाच्या शेवटी नाव कोणाचे घातले? तुक्याचे. नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली असे तुकोबा सांगतात. तरी मुद्रा नामा म्हणे अशी घातली नाही. आणि आपल्या पारनेर तालुक्यातील पिंपळनेरचे निळोबाराय! तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर त्यांना तुकोबांचा अनुग्रह झाला, अशी त्यांची धारणा. जे जे आले ते तुकोबांकडून आले, हे त्यांनी जन्मभर सांगितले. तरीही मुद्रा निळ्याची. का बरे? मोठेपणा त्यांनी वर देऊन टाकला आणि जबाबदारी आपल्या पदरी ठेवली, म्हणून. अभंग चांगला वाटला तर कृपा त्याची. चुकला तर मला धरा, माझे नाव शेवटी लिहिले आहे.

कचेऱ्यांतून आज नेमके याच्या उलट चालले आहे. अहवाल चांगला झाला तर शाबासकी साहेबांची, आणि चूक निघाली तर "ते कॉम्प्युटरने केलं होतं." ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आयकर खात्याचा एक आदेश आला. त्यात आधारासाठी तीन न्यायनिर्णय दिले होते, आणि ते तिन्ही निर्णय जगात कोठेच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारास परत धाडले. एआयच्या या काळात प्रणालीतून जे बाहेर पडते त्यावर अधिकाऱ्याने आंधळा भरवसा ठेवू नये, वापरण्यापूर्वी पडताळून घ्यावे, असे बजावले. पाहा, एका करदात्याच्या डोक्यावर कोट्यवधींचा बोजा पडत होता, आणि त्याच्या मुळाशी असलेली ती तीन वाक्ये कोणी बोललेलीच नव्हती. खाली आदेश काढणारा अधिकारी तर होता. मग कोणी म्हणेल, जबाबदार माणूस होताच की. होता, पण आपण जे पुढे पाठवितो ते कोणाचे बोलणे आहे, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

आम्ही पाठशाळेत शिकलो तेव्हा शब्दप्रमाणाचे प्रकरण रटाळ वाटे. आता त्याची किंमत कळते. नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण कोणाचा? तर आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे; जसे आहे तसे जाणून तसेच सांगणारा. वाक्यातून अर्थ कळण्यास चार गोष्टी लागतात, असे वेदान्ती सांगतात: आकांक्षा, योग्यता, आसत्ती आणि तात्पर्य. पदाला पदाची अपेक्षा हवी, अर्थ जुळायला हवा, पदे जवळ हवीत, आणि शेवटी ते वाक्य कोणता अर्थ कळावा म्हणून उच्चारले आहे तो रोख हवा. यंत्राच्या वाक्यात पहिली तीन इतकी चोख असतात, की भल्याभल्या शास्त्र्यांनी लाजावे. चौथी गोष्ट त्याच्याजवळ नाही. त्याला काही सांगावयाचे नसते. म्हणून यंत्र खोटारडे आहे असे मी म्हणणार नाही. खोटे बोलायलाही सांगण्याची इच्छा लागते. ती इच्छा येते ते वाक्य, ते चित्र पुढे पाठविणाऱ्याकडून. तेव्हा तात्पर्य त्याचे, आणि वक्ताही तोच.

यावर पाठशाळेतलाच एक तरुण विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, मीमांसक वेदाला अपौरुषेय मानतात. कर्ता नाही म्हणून कर्त्याचे दोष नाहीत, म्हणून तो प्रमाण. यंत्राचाही शब्द कर्त्यावाचूनचा; मग तोही निर्दोष म्हणायचा का?" मी मनात म्हटले, पोरगा तयार आहे. पण यंत्राचा शब्द अपौरुषेय नाही. असंख्य माणसांनी लिहिलेले, बोललेले, काढलेले जे काही यंत्राला पाजले गेले, त्यातून तो घडतो. तो बहुपौरुषेय आहे, फक्त त्या सर्वांच्या मुद्रा पुसल्या गेल्या आहेत. पुरुष आले की पुरुषांचे दोषही आले, भ्रम आले, लबाड्या आल्या. गेली ती केवळ विचारपूस करण्याची सोय.

म्हणून सरसकट सगळ्यावरच शिक्का मारावा काय? तसे मला वाटत नाही. न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष सांगितले आहेत, त्यांत अव्याप्ती आणि अतिव्याप्ती प्रसिद्ध आहेत. पाहिजे तेथे लक्षण न पोहोचणे ही अव्याप्ती, नको तेथे जाऊन बसणे ही अतिव्याप्ती. खेड्यातला एखादा लिपिक, मराठी शाळेत शिकलेला, जिल्ह्याच्या कचेरीला इंग्रजी पत्र धाडताना एआयकडून व्याकरण सुधारून घेतो. मजकूर त्याचा, सही त्याची. त्याच्या कपाळावर "यंत्राने लिहिले" असा टिळा लावण्यात काय अर्थ आहे? उलट वरचे लोक त्यालाच आळशी ठरवितील. पक्क्या नियमांतही अशा साध्या साफसफाईला सूट आहे, ते योग्यच झाले. आणि चित्राचा रंग जरा उजळला म्हणूनही शिक्का बसू लागला, तर लोकांची नजर त्या शिक्क्याला सरावेल, जशी ती सिगारेटच्या पाकिटावरील चित्राला सरावली आहे. माझी कसोटी साधी आहे. हे खरे घडले, हे कोणी पाहिले, हे अमुक माणूस बोलला, असे ऐकणाऱ्याला वाटणार असेल, आणि वस्तुस्थिती कळल्यास त्याचा निर्णय बदलणार असेल, तेथे खूण हवीच. ठिबकचा ऊस या कसोटीत बसतो. सभेच्या निमंत्रणपत्रिकेवर यंत्राने काढलेली वेलबुट्टी बसत नाही.

अव्याप्तीचा प्रकार याहून घातक आहे, आणि तो आपल्या दाराशी येऊन गेला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यात, शिरूर-जुन्नर पट्ट्यात आणि नाशिककडे बिबट्याने माणसे मारली, त्यांत लहान लेकरे होती. ऊस उभा, तोडणीच्या टोळ्या नुकत्याच उतरलेल्या, कोप्यांना दार नाही. त्याच दिवसांत यंत्राने बनविलेल्या बिबट्यांची चित्रे मोबाईलवरून फिरू लागली. कोठे बिबट्या घराच्या ओट्यावर बसला, कोठे रस्त्यावर फिरला. खोटी चित्रे पसरवू नका, असे वनखात्याला सांगावे लागले. खोट्या बिबट्यामागे खऱ्या माणसांची धावपळ झाली, हे नुकसान तर उघड आहे. पण मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. चार वेळा फसलेला शेतकरी पाचव्या वेळी शेजाऱ्याने धाडलेला खरा फोटो पाहून म्हणेल, "हॅ, एआय असेल!" आणि पोराला घेऊन उसाच्या कडेने जाईल. खूण नसलेल्या खोट्याने खऱ्याची पत घालविली, ती अशी. खुणा पाळल्या जाऊ लागल्या म्हणजे आणखी एक भ्रम वाढेल, की खूण नाही त्याअर्थी खरेच. लबाडाला तेवढेच हवे असते. तेव्हा खुणेबरोबर, कोणी काढला, कोठे काढला, त्याला फोन लावून विचारता येईल का, हे पुसण्याची जुनी सवय सोडता कामा नये.

आता त्या मुलाचे काय? साहेबांनी सांगितले, खूण काढ. मी त्याला नोकरीवर लाथ मार असे सांगितले नाही. ताहाराबादचे महिपतीबोवा गावचे कुळकर्णी. पूजेत असता जहागीरदाराचे बोलावणे आले. पूजा पुरी करून ते गेले, काम केले, आणि परत येऊन, ही लेखणी यापुढे संतचरित्राखेरीज कशालाही लावणार नाही, असा नेम केला, असे सांगतात. थोरांची गोष्ट थोरांची. या मुलाच्या घरी म्हातारी आई, बहिणीचे लग्न व्हायचे, घराचा हप्ता. त्याला मी एवढेच म्हटले, की बाबा, साहेबांपुढे एकदा स्पष्ट बोल. खूण राहू द्या, सभासद उलट विश्वास ठेवतील, असे सांग. नाहीच ऐकले तर प्रकरणाच्या टिपणीत, ही चित्रफीत एआयने केली असून खूण सूचनेवरून काढली आहे, अशी एक ओळ लिहून खाली सही कर. पडद्यावर खूण राहिली नाही तरी दप्तरात राहील. आणि सभेत निवेदन तुझ्याकडे असेल, तर चित्रफीत सुरू होण्याआधी तोंडाने सांग, की मंडळी, हे नमुन्याचे चित्र आहे. खरा ठिबकचा मळा पाहायचा असेल तर अमक्यांच्या वस्तीवर चला. जुन्या मराठी दप्तरात पत्राच्या शेवटी मोर्तब उमटवीत, ते कशासाठी? मोर्तबाखाली कोणी चार ओळी वाढवू नये म्हणून. कारकुनी विद्येला प्रामाणिकपणाची साधने नवी नाहीत.

महिपतींविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, भक्तविजय लिहिताना त्यांनी आरंभीच सांगून टाकले, की हे माझ्या मनचे नव्हे. नाभाजींच्या आणि उद्धवचिद्घनांच्या ग्रंथांवरून मी हे जुळविले आहे. आज संशोधक त्यांतल्या कितीतरी तपशिलांवर बोट ठेवतात. पण कोणी महिपतींना लबाड म्हणत नाही. कोठून घेतले ते त्यांनी सांगितले होते, म्हणून चूक शोधणाऱ्याला थेट त्या ग्रंथांपर्यंत जाता येते.

आपल्या फडांतूनही ही हवा शिरली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या अर्जावरून, त्यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. गायिकेला न्यायालय तरी गाठता येते. वैकुंठवासी झालेल्या कीर्तनकाराने काय करावे? जुन्या ध्वनिफिती यंत्राला ऐकवून त्यांचा आवाज पुन्हा उभा करावा, असा बेत काही उत्साही तरुण बोलून दाखवितात. हेतू भक्तीचा आहे, त्याला नावे ठेवीत नाही. एखाद्याच्या हस्तलिखित टाचणांतले निरूपण त्याच्याच आवाजात ऐकावेसे वाटले, तर माझी हरकत नाही. पण जे तो कधी बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून, आजच्या वादात त्याला साक्षीला उभे करणे, ही नाथांनी सांगितलेली नरोटी. आणि पहिला प्रकार केला तरी फितीच्या आरंभी स्पष्ट उच्चारात म्हणावे: शब्द त्यांचे, आवाज यंत्राचा, जुळणी अमक्याची. तेवढे म्हणावयास सहा-सात सेकंद लागतात.